३८ हजार किलोमीटर की सव्वा लाख? एका जुन्या स्विफ्टच्या खरेदीचं प्रकरण

माझी मावसबहीण साताऱ्यात राहते आणि कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घर ते शाळा २२ किलोमीटर. इतकी वर्षं एसटी आणि स्कूटरवर निभावलं, पण पाठीचं दुखणं सुरू झाल्यावर २०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत चारचाकी घ्यायची असं तिनं आणि दाजींनी ठरवलं. हातात साडेतीन लाख रुपये होते. त्या पैशांत गाडी नुसती दारात यायला नको होती, शाळा उघडायच्या आत ती रोज ४४ किलोमीटर धावायला तयार हवी होती. किंमत, पहिली दुरुस्ती, नावबदल, विमा असं सगळं त्यातच बसवायचं होतं. शाळेचे दिवस, सुट्टीतल्या खेपा आणि माहेरची वाट धरून वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर होतील असा आमचा अंदाज होता. गाडी किमान सहा वर्षं ठेवायची होती.

या तीन आकड्यांवर, म्हणजे साडेतीन लाख, साडेबारा हजार आणि सहा वर्षं, पुढचा सगळा निर्णय उभा राहिला. जुनी गाडी बघायला निघणाऱ्यांपैकी फार कमी लोक हे आधी कागदावर लिहितात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘रनिंग किती झालंय?’ हाच असतो आणि त्याच्या उत्तरावर अर्धा सौदा मनात पक्का होतो.

मॉडेल ठरवायला वेळ लागला नाही. पेट्रोल स्विफ्ट, २०११ साली आलेली दुसरी पिढी, ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, हात लावणारा मिस्त्री कुठेही सापडतो आणि इंजिनात ठरावीक काळानं बदलावा लागणाऱ्या टायमिंग बेल्टऐवजी (इंजिनाचे आतले भाग एकमेकांच्या तालात फिरवणारा पट्टा) चेन आहे. डिझेल नको यावर एकमत होतं. एवढ्याशा रनिंगला डिझेलची बचत इंजेक्टर आणि टर्बोच्या एका दुरुस्तीत निघून जाते. सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या दोन गाड्या समोर आल्या होत्या. त्यातल्या एकीच्या आरसी बुकात किटची नोंदच नव्हती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

शेवटी तीन गाड्या उरल्या. पुण्यात कोथरूडची, जानेवारी २०१५ ची नोंदणी, ३८,४०० किलोमीटर, निवृत्त जोडप्याची, पहिलाच मालक, मागणी ३ लाख ७० हजार. कराडची, जून २०१६ ची नोंदणी, १,२६,३०० किलोमीटर, हिचाही पहिलाच मालक, मागणी ३ लाख १० हजार. आणि सांगलीत एका एजंटच्या यार्डात उभी असलेली, मार्च २०१७ ची, दुसऱ्या मालकाची, मीटरवर ५७,०००, मागणी ३ लाख ४५ हजार. तिन्ही व्हीएक्सआय, म्हणजे मधल्या दर्जाच्या.

कागदावर सांगलीची सरस दिसत होती. वर्षानं सगळ्यांत तरुण, रनिंग मधलं आणि किंमत बजेटच्या काठावर. दाजींचा ओढा तिकडेच होता.

सांगलीची गाडी म्हटल्यावर आमच्या मिस्त्रींनी आधी पुराची तपासणी केली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ अशा दोन पुरांत त्या पट्ट्यातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे सगळ्यांना माहीत आहे. धुऊन, पुसून, सीट कव्हर बदलून त्यातल्या काही पुन्हा बाजारात येतात. मिस्त्रींनी चारही सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितले, कारण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या तळाशी गाळाची रेघ राहते आणि ती कुणी धूत नाही. सीटच्या रुळांखालचे बोल्ट, स्टेपनीचा खळगा, कार्पेटखालचा पत्रा सगळं पाहिलं. कुठेही गाळ नाही, गंज नाही. पुराच्या बाबतीत गाडी स्वच्छ होती.

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या बाजूला, कोपऱ्यात, ऑइल बदलल्यावर लावतात तसं एक छोटं स्टिकर दिसलं. तेलकट बोटांनी काळं पडलेलं. बॉलपेननं लिहिलेलं होतं: पुढील बदल ८४,५००. मीटर दाखवत होतं ५७,०००.

एजंट म्हणाला, स्टिकर दुसऱ्या गाडीचं असेल, कुणी चुकून लावलं असेल. असूही शकतं. म्हणून मग बाकीच्या खुणांकडे पाहिलं. ब्रेकच्या पेडलचं रबर नवं कोरं होतं आणि क्लचचं उजव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगवर नवं कव्हर शिवलेलं. ड्रायव्हरच्या सीटचा दरवाजाकडचा फोम बसलेला. टायरवर चार अंकी आकडा कोरलेला असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. दोन टायर २०२० चे, दोन २०२४ चे निघाले. २०१७ च्या गाडीचे मूळ चारही टायर २०२४ पर्यंत गेलेले, आणि म्हणे रनिंग ५७,०००. मिस्त्रींनी ओळखीतून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद विचारून घेतली. ऑगस्ट २०२१ मध्ये ही गाडी ७९,४८० वर सर्व्हिसिंगला गेली होती.

एजंटनं मग वीस हजार कमी करायची तयारी दाखवली. दाजींना वाटलं, खरं रनिंग लाखाच्या पुढे धरू आणि त्या हिशेबानं भाव पाडून घेऊ. माझं मत स्पष्ट होतं आणि आजही आहे: मीटर मागे घेतलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडायची. रनिंग जास्त असणं हे कारण नाही. खरं रनिंग कळलं तर त्याला किंमत लावता येते. इथे ज्यानं मीटर फिरवलं त्यानं आणखी काय झाकलं असेल याला किंमत लावता येत नाही. ऑइल कधी बदललं, इंजिन कधी तापलं, कुठे ठोकलं यातल्या कशावरही विश्वास ठेवायला जागा उरत नाही. आम्ही तिथून निघालो.

आता प्रश्न सरळ झाला होता. पुण्याची ३८ हजारवाली की कराडची सव्वा लाखवाली? दोघींची नोंद आणि मीटर जुळत होतं. दोन्ही आकडे खरे होते. म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण खरी तुलना इथे सुरू होते.

कोथरूडची गाडी पाहताक्षणी आवडावी अशी होती. बंद पार्किंगमध्ये ठेवलेली, पांढरा रंग अजून चकाकणारा, मागच्या सीटचं प्लॅस्टिक बहुधा हल्लीच काढलेलं. काका-काकू अगदी सरळ माणसं. त्यांनी सगळे कागद फाइलमध्ये लावून ठेवले होते आणि काहीही लपवलं नाही. मंडई, डेक्कन, दवाखाना, कधीतरी चिंचवडला मुलीकडे, एवढाच गाडीचा वापर. गेल्या तीन वर्षांत मिळून जेमतेम चार हजार किलोमीटर झाले होते आणि शेवटचं ऑइल २०२२ मध्ये बदललेलं होतं. काकांचं म्हणणं, ‘दहा हजार झालेच नाहीत, मग ऑइल कशाला बदलायचं?’

बहुतेक मालक असाच विचार करतात. पण सर्व्हिसिंगच्या वेळापत्रकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. गाडी तीन-चार किलोमीटर जाऊन बंद केली की इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला हवी तेवढी उष्णता मिळत नाही. मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर साका होता. बोटावर घेतला तर लोण्यासारखा लागत होता. यावरून इंजिन गेलं असं कुणी म्हणू नये. पण ३८ हजार किलोमीटर म्हणजे जवळजवळ नवं इंजिन, हे गणित तिथेच ढिलं पडतं.

टायरवर आकडा होता ४६१४. म्हणजे २०१४ च्या ४६ व्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेले मूळ टायर. खाचा खोल होत्या, पण बाजूच्या रबरावर बारीक चिरा पसरल्या होत्या. असे टायर गावात चालून जातात, मात्र महामार्गावर ताशी ८० ला मला त्यांचा भरवसा नाही. कूलंट तपकिरी झालेलं. मागचा एक ब्रेक अडकत होता. एसी थंड होत होता, पण सिग्नलला उभं राहिलं की हवा कोमट. इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी माउंटिंग आणि पुढच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश कडक होऊन तडकलेले. उंदरांनी दोन ठिकाणी वायरिंग कुरतडलं होतं आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मिस्त्री हळू आवाजात मला म्हणाले, ‘दादा, पळून नाही, उभी राहून थकलीये ही.’

त्यांनी खर्चाची यादी केली. टायर १९,०००. बॅटरी ५,०००. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, पंख्याचा पट्टा मिळून ९,०००. बुश आणि माउंटिंग ८,५००. मागचे ब्रेक ४,५००. एसी ६,०००. वायरिंग २,५००. एकूण ५४,५००. काका ३ लाख ४५ हजारांच्या खाली यायला तयार नव्हते. ३८ हजारवाल्या गाडीला तेवढे देणारे पुण्यात मिळतात हे त्यांना माहीत होतं आणि ते खरंच होतं.

कराडची गाडी एका इंजिनिअरची. नोकरी पुण्यात, घर कराडला, दर आठवड्याला येणं-जाणं. एका बाजूचे १६० किलोमीटर, त्यातले बहुतेक महामार्गाचे. वर्षाला चौदा हजारांच्या आसपास रनिंग येतं आणि नऊ वर्षांचा हिशेब तंतोतंत बसतो. ९० हजारांपर्यंतची सगळी सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातली, पुढची कराडच्या गॅरेजमधली, आणि प्रत्येक बिलावर तारीख व मीटरचा आकडा. ९८ हजारांवर क्लच सेट बदललेला. १ लाख ५ हजारांवर पुढचे शॉक ॲब्सॉर्बर. टायर २०२३ चे, निम्मे शिल्लक. समोरच्या काचेवर दगडांचे टिपके, बंपर पुन्हा रंगवलेला, उजवा फेंडर बदललेला. फेंडरचं विचारलं तर मालकानं लगेच विम्याच्या दाव्याचे कागद आणि फोटो काढून दाखवले. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट कधी खोललेले नव्हते आणि आतले खांब, वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच होते, म्हणजे मार वरवरचा होता.

आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर मिस्त्रींनी इंजिनाला हात लावून थंड असल्याची खात्री केली आणि मगच किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्या झटक्यात सुरू झाली, धूर नाही. पण सुरू होताना दोन सेकंद पुढच्या बाजूनं खर्रर्र असा आवाज आला आणि थांबला. इंजिनातली टायमिंग चेन सैल पडली होती, तिला ताणून धरणारा टेन्शनर थकला होता. गरम इंजिनात हा आवाज दबतो, त्यामुळे विकणारा गाडी तापवून ठेवतो तेव्हा काय लपतं हे इथे प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, फरक नगण्य होता. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून स्वच्छ, मधाच्या रंगाचं.

मालक स्वतः गाडी घेऊन साताऱ्याला आले तेव्हा आम्ही ती यवतेश्वरच्या घाटात नेली. मे महिन्याची दुपार, चार माणसं, एसी चालू. तापमानाचा दिवा लागला नाही, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरला नाही. उतरून महामार्गावर घेतली तेव्हा ७० च्या पुढे डाव्या मागच्या चाकातून घुमणारा आवाज येत होता. बेअरिंग. यादी झाली अशी: चेन आणि टेन्शनर ११,०००, आर्मचे बुश आणि लिंक रॉड ५,५००, बेअरिंग २,८००, एक माउंटिंग २,५००, सगळी ऑइलं आणि फिल्टर ७,५००. एकूण २९,३००. ही यादी समोर ठेवूनच बोलणी झाली आणि सौदा २ लाख ७८ हजारांवर आला.

इथे मी दाजींना एक हिशेब करून दाखवला, आणि माझ्या मते या प्रकरणात तोच सगळ्यांत उपयोगाचा आहे. पुण्याच्या गल्लीबोळांतून आणि सिग्नलवरून फिरणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटर धरा. ३८,४०० ला १८ नं भागलं की सुमारे २,१३० तास येतात. कराड-पुणे धावणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ५५ धरा. १,२६,३०० ला ५५ नं भागलं की सुमारे २,३०० तास. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळपास तेवढाच वेळ चालली आहेत. एकीनं तो वेळ गरम होऊन, पाचव्या गिअरमध्ये, वेळच्या वेळी ऑइल बदलत काढला आणि दुसरीनं अर्धवट तापत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जुन्या ऑइलवर.

वेगाचे आकडे अंदाजाचे आहेत आणि हा हिशेब इंजिन, क्लच, गिअर बदलणं यापुरताच लागू पडतो. सस्पेन्शन, बेअरिंग, टायर, काच, पुढचा रंग या गोष्टी किलोमीटरनंच झिजतात, आणि कराडच्या गाडीची दुरुस्ती त्याच बाजूला होती हे यादीत दिसतंच. उलट रबर, बॅटरी, कूलंट, ब्रेक ऑइल ही वर्षांनी जातात, मीटर काहीही म्हणो. पुण्याच्या यादीतला बहुतेक खर्च त्यातलाच. दहा वर्षांच्या गाडीत किलोमीटर, तास आणि वर्षं अशा तीन तऱ्हांची झीज एकाच वेळी चालू असते. मीटर त्यातली एकच दाखवतं आणि बाजार तिच्यावरच सर्वाधिक भाव लावतो.

रस्त्यावर तयार गाडीचा हिशेब असा झाला. पुण्याची: किंमत ३,४५,०००, दुरुस्ती ५४,५००, नावबदल आणि विमा ९,५००, एकूण ४,०९,०००. कराडची: २,७८,०००, २९,३०० आणि तेच ९,५००, एकूण ३,१६,८००. फरक ९२,२००.

दाजींचं म्हणणं मात्र सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. ‘सहा वर्षांनी पुण्याची गाडी १ लाख १३ हजारांवर असेल आणि कराडची २ लाखांच्या पुढे. तेव्हा इंजिन खोलावं लागलं तर? आणि विकायला काढली तर दोन लाखवाली कोण घेणार?’ शिक्षक सोसायटीतून साठ हजार काढून पुण्याची घेऊ, असं ते म्हणत होते. बायको रोज सकाळी एकटी त्या रस्त्यानं जाणार, ही काळजी त्यामागे होती आणि ती रास्तच होती.

म्हणून आम्ही वाईटात वाईट धरून चाललो. कराडच्या गाडीचं इंजिन कधीतरी खोलावं लागेल असं समजून ५० हजार बाजूला काढले, तरी बेरीज ३,६६,८०० होते. पुण्याच्या गाडीपेक्षा ४२,२०० नं कमीच. सहा वर्षांनी विकताना कमी रनिंगवालीला चाळीस-पन्नास हजार जास्त मिळतील असं धरलं तर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत येतात. म्हणजे इंजिन खोलावं लागलं तर बरोबरी आणि नाही लागलं तर कराडच्या गाडीत सरळ पन्नास हजारांचा फायदा. शिवाय या इंजिनाच्या टॅक्सी दोन लाखांच्या पुढे धावताना आपण रोज बघतो, अट फक्त ऑइल वेळेवर बदलण्याची.

आरसीची मुदतही बघायला हवी होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुण्याच्या गाडीची जानेवारी २०३० मध्ये संपणार होती, म्हणजे सहा वर्षं पुरी व्हायच्या आधीच. कराडच्या गाडीची जून २०३१ मध्ये. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून मिळतात. महाराष्ट्रात त्यामुळे गाडी भंगारात जात नाही, पण तो खर्च आणि तपासणीची धावपळ दीड वर्ष आधी येणार की नंतर, याला पैशांत किंमत आहे. आणि विकताना गिऱ्हाईक तेच आधी विचारतं.

किमतीबद्दल एक सांगायला हवं. एवढ्या जुन्या गाडीला ‘बाजारभाव’ असा ठरलेला नसतो. विम्याच्या तक्त्यात घसाऱ्याचे टक्के पाच वर्षांपर्यंतच दिलेले आहेत, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक आपसात रक्कम ठरवतात. संकेतस्थळांवर दिसणाऱ्या किमती म्हणजे मागण्या, सौदे नव्हेत. त्यामुळे भाव पाडायचा तर ‘जास्त सांगताय’ म्हणून काही होत नाही. दुरुस्तीची यादी, प्रत्येक ओळीसमोर रक्कम, आणि ती करणारा मिस्त्री शेजारी उभा, एवढं असलं की माणूस ऐकतो. मिस्त्रींना आम्ही तपासणीचे वेगळे पैसे दिले. ते वाचवू नयेत, आणि जो मिस्त्री सौद्यात कमिशन घेणार आहे त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नये.

बहिणीनं कराडची गाडी निवडली. दाजींचा होकार आला तो यवतेश्वरचा घाट चढताना, हिशेबानं नाही, हे मला नंतर कळलं.

कागदांत एक अडचण निघाली. मालकानं गाडीचं कर्ज २०२१ मध्येच फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तेव्हा ते दिसलं. बँकेनं तेव्हा दिलेलं ना हरकत पत्र आता जुनं झालं होतं. नवं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवेपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले. तोपर्यंत आम्ही पाच हजार टोकन देऊन पावती घेतली होती आणि बोजा उतरल्याशिवाय बाकी रक्कम नाही, हे तीवर लिहून घेतलं होतं. वेगमर्यादेचे चार ई-चलान थकले होते, ते मालकानं भरले. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागणारी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटीही त्यांच्याकडूनच बसवून घेतली, कारण ती नसेल तर आरटीओत नावबदल अडतो. गाडी राज्यातलीच असल्यानं नवा रोड टॅक्स लागला नाही. बाकी पैसे बँकेतून दिले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली.

वेळ का, तर ताबा दिल्यावरही आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, आणि मधल्या काळात काही झालं तर गाडी कुणाकडे होती हे दाखवता यायला हवं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात हेच सांगितलं: गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदीत नाव असलेल्या माणसावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कराडच्या मालकांना हे ठाऊक होतं, म्हणून नावबदलासाठी आमच्यापेक्षा त्यांचीच घाई होती. विकणारा नावबदलाबद्दल बेफिकीर असेल तर मला शंका येते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही. तो त्याचा, गाडीचा नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण हिशेब कागदावर ठरला तसाच उतरत नाही. चेनचं काम ११,००० ऐवजी १२,४०० ला गेलं. बाकीची यादी जवळपास ठरल्या पैशांत झाली. ऑगस्टमध्ये टाकीतला पेट्रोल पंप गेला आणि कोरेगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. बहिणीला त्या दिवशी सहकारी शिक्षकाच्या मोटारसायकलवर शाळेत जावं लागलं. ६,८०० खर्च आला. हा बिघाड कुठल्याच तपासणीत दिसला नसता. आतापर्यंतची एकूण बेरीज ३ लाख २५ हजार, म्हणजे ठरवलेल्या रकमेच्या आत. ॲव्हरेज १६ ते १७ मिळतं.

पुण्याची गाडी महिनाभरात ३ लाख ४५ हजारांनाच विकली गेल्याचं काकांनी फोनवर सांगितलं. घेणारं कुटुंब शहरातच राहणारं आहे आणि महिन्याला दोन-अडीचशे किलोमीटरच चालवणार आहे. तेवढ्या वापराला ती गाडी योग्य आहे, टायर आणि ऑइल लगेच बदललं तर. माझ्या बहिणीला मात्र रोज ४४ किलोमीटर जायचं होतं. दहा वर्षं बसून असलेल्या गाडीला एकदम एवढं पळवलं की कडक झालेले सील आणि रबर एकापाठोपाठ एक दगा देतात, आणि तो खर्च मिस्त्रींच्या ५४,५०० च्या यादीत धरलेला नव्हता.

सध्या मीटर १ लाख ३३ हजारांच्या घरात आहे. ऑइल दर आठ हजार किलोमीटरला बदलायचं ठरलं आहे, कंपनीच्या दहा हजारांपेक्षा थोडं आधी. पुढचा मोठा खर्च चारही टायरचा, तो बहुधा येत्या वर्षभरात येईल. इंजिनासाठी धरलेले ५० हजार त्यांनी एकदम बाजूला काढले नाहीत. बहिणीनं पोस्टात दरमहा हजार रुपयांची आरडी सुरू केली आहे. तिची मुदत संपेल तेव्हा आरसी संपायला काही महिने उरलेले असतील, आणि गाडी ठेवायची की नाही हे तेव्हा पुन्हा कॉम्प्रेशन मोजून आणि तळाचा पत्रा बघून ठरेल.